फडावर न्यायची भिंत

बचत, व्याज, हप्ता, वसुली हे आपण दर आठवड्याला बोलतोच. आज आम्ही भिंतीबद्दल बोलणार आहोत.

दसरा तोंडावर आलाय. तो झाला की आपल्या वाड्यावस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतील. पीठ, भांडी, अंथरुणं, शेरडं, लेकरं सगळं ट्रॉलीत चढेल आणि बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं अर्धी रिकामी होतील. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी सीमा ओलांडून बेळगावकडे. परत यायचं ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. पाच-सहा महिने ज्या घरात काढायचे ते घर म्हणजे कोपी. बांबू वाकवायचे, वरून चटई नाही तर ताडपत्री टाकायची, झालं घर. कुठे कारखान्याकडून बांबू-चटई मिळते, कुठे आपलंच सामान न्यावं लागतं. पण मार्गशीर्ष-पौषातली पहाट दोन्हीकडे सारखीच बोचते.

कोपीत झोपलेल्या बाईला विचारा, थंडी कुठून येते? ती सांगेल, खालून येते आणि बाजूने येते. पाणी दिलेलं रान शेजारी, पाटाची ओल, त्यावरून येणारा वारा. आणि पहाटे तीन-चारला उठल्यावर वरून थेंब पडतात ते वेगळेच. पाऊस नसतो, पण ताडपत्री आतून ओली असते. चार-पाच माणसं रात्रभर आत श्वास घेतात. त्या श्वासातली वाफ गार ताडपत्रीला लागली की तिचं पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसाच हा कोपीला आतून आलेला घाम. पांघरुण दमट होतं, आणि दमट गोधडी ऊब धरत नाही. मोठं माणूस उठून कामाला लागतं, कोयता हातात घेतला की अंग तापतं. तान्हं लेकरू काय करणार?

यंदा आमच्या गटांतल्या तिघीजणी अशा जाणार आहेत. दोघींची बाळं दोन महिन्यांच्या आतली. तिसरीचे दिवस पौषात भरतात. जाऊ नकोस म्हणणं सोपं आहे. आम्हीही म्हणून पाहिलं. पण उचल घेऊन झालीय, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकट्या माणसाला अर्ध्या कोयत्याचे पैसे. सासू थकलेली. मग निदान ती जिथे निजेल ती जागा कोरडी आणि उबदार कशी होईल, एवढं तरी आपल्या हातात आहे का, हे बघायला आम्ही बसलो.

आशाताई आपल्याला नेहमी सांगतात, नवजात बाळाच्या अंगाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस राहिलं पाहिजे. त्याच्या खाली गेलं की बाळ सुस्त होतं, दूध ओढत नाही, वजन उतरतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येऊन बाळाला बघतात. आपण फडावर गेलो की या भेटी चुकतात. तिथली आशा आपल्याला ओळखत नाही, आपण तिला ओळखत नाही. म्हणून पोचल्याबरोबर त्या गावच्या आशाताईंना निरोप द्यायचा, हे आमचं पहिलं सांगणं. भिंतीचं त्यानंतर.

भिंतीची कल्पना आम्हाला एका मावशींच्या लेकाकडून मिळाली. तो पुण्याकडे गाड्यांच्या बॉड्या बांधण्याच्या कारखान्यात कामाला आहे. दूध, भाजी, औषधं गार ठेवून नेतात त्या बंद गाड्या तिथे बनतात. दिवाळीला आला तेव्हा त्याने सांगितलं, मावशी, त्या गाडीची भिंत दिसते एक पण असते तीन पदरांची. बाहेर पत्रा, आत पत्रा आणि मधे फोम. त्याने एक चित्रही दाखवलं. अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून ओढायची छोटीशी निजायची गाडी असते, पाण्याच्या थेंबासारखी, पुढे गोल आणि मागे निमुळती. आत दोन माणसं झोपतील एवढीच जागा. १९३० च्या दशकापासून तिथले लोक ती घरी, स्वतःच्या हाताने बनवतात. तिची बाजूची भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट, चौकटीच्या पोकळीत फोम, दोन्ही अंगांनी पातळ प्लाय. बस. ते हौसेने फिरायला जातात, आपण पोटासाठी जातो. पण अडचण एकच: अंथरुण फिरतं आहे, आणि भिंत हलकी पाहिजे.

मग थर्माकोल भरायचा का? आमच्यातल्या बऱ्याच जणींचं पहिलं मत तेच होतं. आम्ही नको म्हणालो, आणि त्याची कारणं आहेत. थर्माकोल ठिणगीने वितळतो, पेटला की त्याचा धूर वाईट, आणि आपल्याकडे चूल दहा पावलांवर. शिवाय ट्रॉलीच्या धक्क्यांनी त्याचा भुगा होतो आणि तो रानभर उडतो. पैसेही जातात. आणि मुख्य म्हणजे, गरज काय? फोम ऊब देतो म्हणजे तो काही शेगडी नाही. त्याच्यात हवेचे बारीक बारीक कप्पे असतात, ती हवा हलत नाही, म्हणून आतली ऊब बाहेर पळत नाही. हीच अडकलेली हवा गोधडीच्या पदरांत असते, कापसात असते, कडब्याच्या गंजीत असते. गंजीत हात घालून बघा, पौषातसुद्धा आत गार लागत नाही. आणि आपण ज्या रानात जाणार आहोत तिथे पायाखाली ढिगाने काय पडलेलं असतं? पाचट.

तर आमची भिंत अशी आहे: चौकट इथून न्यायची, रिकामी. पाचट तिथे भरायचं. हंगाम संपला की पाचट काढून टाकायचं आणि चौकट परत आणायची. ट्रॉलीत ती आडवी, एकावर एक बसते, अंथरुणाच्या गाठोड्याखाली. मुकादम जागेवरून कुरकुरतो, पण चार चौकटींची चळत फूटभर उंचीची होते, हे त्याला मोजून दाखवलं की गप्प बसतो.

आता माप सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर मुलीला लिहायला सांगा. कोपी आठ फूट लांब, सहा फूट रुंद धरली. लांबीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पाच फूट उंच. एका भिंतीला चार फूट रुंद, पाच फूट उंच अशा दोन चौकटी. दोन्ही भिंती मिळून चार. मागची आणि दाराकडची बाजू याच पद्धतीने लहान चौकटींची करता येते, पण पैसे कमी असतील तर आधी या दोन लांब बाजू करा. निजताना अंग याच भिंतींना लागतं.

लाकूड वखारीतून पॅकिंगचं घेतलं. खोक्यांचं पिवळट पाइन असतं ना, तेच. हलकं असतं, करवतीने सहज कापतं. पट्टी तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. तिची रुंदी आडवी नाही, उभी ठेवायची, म्हणजे चौकटीला तीन इंच खोली मिळते. ही तीन इंच म्हणजेच आपली भिंत. पातळ पट्टी आडवी ठोकून चौकट केली तर पोकळी इंचभरच राहते आणि इंचभर पाचटाने फार काही होत नाही.

एका चौकटीला चार बाजूंच्या पट्ट्या आणि मधे एक उभी. जास्त उभ्या पट्ट्या नकोत. मजबूत होईल म्हणून प्रत्येकीला वाटतं की आणखी दोन ठोकाव्यात. पण जिथे जिथे लाकूड सलग आरपार जातं तिथून ऊब निसटते. लाकूड पाचटापेक्षा ऊब लवकर वाहून नेतं, आणि लोखंड तर लाकडापेक्षा कितीतरी पटीने. म्हणून लोखंडी अँगलची चौकट आम्ही केली नाही, वेल्डिंगवाला स्वस्तात करून देत होता तरी.

मधे आडवी पट्टी एक लागतेच, नाही तर पाचट कालांतराने खाली बसतं आणि वर रिकामी फट पडते. पण ही आडवी पट्टी तीन इंची घ्यायची नाही. एक इंची घ्या आणि चौकटीच्या आतल्या, म्हणजे निजायच्या बाजूला ठोका. तिच्या मागे दोन इंच मोकळे राहतात, तिथून पाचट खाली उतरतं. या पट्टीचा दुसरा उपयोग म्हणजे पिशवी, आरसा, बाळाच्या कपड्यांची दोरी, जे काही अडकवायचं ते हिच्यावर. पाचटाच्या भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून कुठे काय लटकवणार हे आधी ठरवून तिथे लाकूड ठेवावं लागतं. झोळी मात्र भिंतीला बांधायची नाही. झोळीचा हेलकावा भिंत सहन करणार नाही. झोळीला वेगळा बांबू.

चौकट काटकोनात आहे का हे बघायला सुताराकडे गुण्या असतो. आपल्याकडे सुतळी आहे. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरा, गाठ मारा. तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरा. दोन्हीकडे सारखी आली तर चौकट सरळ आहे. चार बाय पाचच्या चौकटीत ती सहा फूट आणि जवळजवळ पाच इंच भरते. कमी-जास्त आली तर लांब कोपऱ्यावर हलका ठोका द्यायचा, पुन्हा मोजायचं. हे जमेपर्यंत खिळे पूर्ण बसवू नका. आमच्याकडे हे काम सातवी शिकलेल्या एका वहिनींनी इतकं चोख केलं, की गावातले सुतार बघायला आले आणि हसण्याऐवजी गुण्या खिशातून काढून स्वतः तपासून गेले. तपासलं, काही बोलले नाहीत. आम्ही ते होकार म्हणून घेतलं.

पट्टीच्या टोकाला सरळ खिळा ठोकला की पाइन चिरतं. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडा. चारही कोपऱ्यांवर प्लायचा तिकोनी तुकडा लावा, नाही तर ट्रॉलीच्या हिसक्यांनी चौकट पतंगासारखी तिरकी होते. बाहेरच्या अंगाने एक तिरकी पट्टी, खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात. आणि वरची आडवी पट्टी खिळ्यांनी ठोकायची नाही, स्क्रूने बसवायची. पाचट वरूनच भरायचं आहे, हे विसरू नका.

बाहेरच्या बाजूला कोंबड्यांची जाळी ताणून ठोका. पण खालचा एक फूट पाव इंच भोकांची बारीक जाळी, तळाच्या पट्टीखालून वळवून आतल्या बाजूपर्यंत. पाचटात उंदीर शिरतो, आणि उंदरामागे कोण येतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. या जाळीत काटकसर करू नका. दुसरीकडे करा. आतल्या बाजूला गोणपाट. तळाच्या पट्टीला बाहेरून डांबर, वाळवीसाठी.

अशी रिकामी चौकट जाळी-गोणपाटासह साधारण दहा किलो भरते. एकटी बाई उचलून ट्रॉलीत ठेवते.

आता फडावर पोचलात. जागा बघताना पाटाच्या खालच्या अंगाची घेऊ नका. चौकट जमिनीवर टेकवायची नाही. खाली विटांची एक ओळ, आणि भोवती वीतभर चर. दोन चौकटी एकमेकींना जोडताना मधल्या फटीत जुन्या गोधडीची दुहेरी पट्टी घाला आणि बोल्ट आवळा. पंखांचे नट मिळतात, हाताने आवळता येतात, पाना लागत नाही. ही गोधडीची पट्टी बघायला क्षुल्लक वाटते. पण भिंत कितीही जाड केली आणि जोडावर बोटभर फट राहिली, तर सगळा वारा तिथूनच येतो. रात्री दिवा मालवून ओला हात फटीजवळ फिरवा, वारा कुठून येतो ते लगेच कळतं.

वरचे वाकवलेले बांबू दोन्ही भिंतींच्या डोक्यावर बसतात, आणि वाकलेला बांबू सतत सरळ व्हायला बघतो. तो भिंतींना बाहेर ढकलतो. म्हणून एका भिंतीच्या वरच्या पट्टीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोन ठिकाणी आडवे बांबू घट्ट बांधा. आणि बाहेरून मेखा. छपराला पाचटाच्या पेंढ्या बांधून नेहमीसारखी शाकारणी करायची, त्यावर ताडपत्री. ते आपल्याला येतंच.

पाचट कसलं घ्यायचं? तुटलेल्या उसाचं, वाळलेलं, पिवळं. हिरवे वाढे नकोत, ते जनावराला घाला, भिंतीत कुजतात. सकाळी पाचटावर दव असतं, म्हणून दुपारी ऊन लागल्यावरच गोळा करा. मुठीत चुरगाळलं की करकरलं पाहिजे. शेतमालकाला विचारून घ्या; हल्ली बरेच शेतकरी पाचट न जाळता रानातच ठेवतात, तेही बरोबरच आहे. एका चौकटीला आठ-दहा किलो लागतं. पाचटाच्या कडा हात कापतात, तेव्हा हातात जुने पायमोजे घाला. कोयत्याने वीत-वीतभर तुकडे करा आणि वरून थोडं थोडं सोडा. वीतभर थर झाला की हाताच्या पंजाने दाबा. पायाने तुडवायचं नाही. फार ठासलं तर आतली हवा जाते, आणि भिंतीची सगळी ताकद त्या हवेतच आहे. फार सैल ठेवलं तर आठवड्यात खाली बसतं. गोधडी भरताना हाताला जो अंदाज असतो तोच इथे. पंधरा दिवसांनी वरची पट्टी उघडून बघा, बसलं असेल तर मूठ-दोन मुठी आणखी घाला.

बाहेरच्या जाळीवर बांबूच्या अर्ध्या चिरलेल्या कामट्या उभ्या बांधा, तीन-चार. त्यावर बाहेरची ताडपत्री. म्हणजे पाचट आणि ताडपत्री यांच्यात इंचभर मोकळी जागा राहते, खालून आणि वरून उघडी. ही जागा फुकट नाही. आतली वाफ पाचटातून हळूहळू बाहेर जाते आणि गार ताडपत्रीला लागून तिचं पाणी होतं, ते आपण बंद करू शकत नाही. पण ते पाणी ताडपत्रीवरून खाली ओघळलं पाहिजे, पाचटात शिरता कामा नये. ताडपत्री पाचटाला चिकटवली तर महिन्याभरात पाचट काळं पडेल, वास मारेल. ओलं पाचट ऊब धरत नाही.

आतल्या बाजूने गोणपाटावर मातीचा लेप द्या. बोटाच्या पेराएवढा जाड, दोन हातांत. लेपाने वारा थांबतो, ठिणगीला आडोसा होतो. वाळला की वरून चुना. इथे एक गोष्ट कान देऊन ऐका. एरवी आपण मातीत शेण घालतो, त्याने लेप चिवट होतो. पण जिथे ओली बाळंतीण आणि नाळ न पडलेलं बाळ झोपणार आहे तिथे शेण नको. शेणातून धनुर्वाताचे जंतू येऊ शकतात. नुसती माती, त्यात बारीक भुसा, आणि चुना. लेपाला भेगा पडतील, बुजवायच्या. नाळेला काही म्हणजे काही लावायचं नाही, हे आशाताईंनी सांगितलेलं आहेच.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट, आग. पाचट म्हणजे जळण. हे झाकून ठेवून आम्हाला भिंतीची फुशारकी मारायची नाही. चूल कोपीपासून किमान पंधरा पावलं लांब आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला नाही. आत रॉकेलची चिमणी नाही, मेणबत्ती नाही, विडी नाही. सौर कंदील घ्या, गटातून कर्ज देतो. बाहेरच्या बाजूनेही खालचे तीन फूट लेप द्या. दाराशी पाण्याची घागर आणि वाळूची पाटी भरलेली असू द्या. शेजारचं रान मालक पेटवणार असेल तर आधी कळवायला सांगा.

थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं आत आणणं तर अजिबात नको. जुन्या कोपीला चारी बाजूंनी भोकं असायची, धूर निघून जायचा. ही भिंत वारा अडवते. आणि निखाऱ्यातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातं. म्हणूनच मागच्या बाजूला, छपराच्या अगदी खाली, वीतभर झरोका जाळी लावून कायम उघडा ठेवायचा. गार वाटलं तरी बुजवायचा नाही. एवढ्याशा झरोक्यातून जाते ती ऊब भिंतीने वाचवलेल्या उबेपुढे थोडी आहे. बाळाला ऊब आईच्या छातीची. उघड्या अंगाला उघडं अंग लावून, वरून दोघांना मिळून पांघरुण, डोक्याला टोपरं. आई दमली तर बापाने घ्यावं. बापाची छातीही तेवढीच ऊब देते. आमच्याकडच्या पुरुषांना हे पटवायला भिंत बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मागच्या हंगामात दोन कोप्यांना अशा भिंती लावल्या होत्या. त्यातल्या एका कोपीत बाविसाव्या दिवसाचं बाळ घेऊन गेलेली सून होती. परत आल्यावर आम्ही तिला विचारलं, फरक काय वाटला? ती म्हणाली, पहाटे उठताना गोधडी कोरडी असायची. थोडं थांबून म्हणाली, आणि बाहेरचं कुणी खोकलं तर आत कमी ऐकू यायचं. हे आमच्या डोक्यातही नव्हतं. ताडपत्रीच्या कोपीत बाई कपडे बदलते ते बाहेर सावलीसारखं दिसतं, नवरा-बायकोचं बोलणं शेजारी ऐकतो, रात्री कुणी बाहेरून हात घालून ताडपत्री उचलू शकतो. भिंतीला हात घालून उचलता येत नाही. थंडीसाठी केलेली भिंत तिच्या लेखी या कामाला जास्त आली. आता आम्ही दाराच्या चौकटीला आतून कडी बसवतो.

फाल्गुनात उन्हं तापली तेव्हाही तीच भिंत उपयोगी पडली. जे पाचट आतली ऊब बाहेर सोडत नाही, तेच बाहेरचा ताप आत येऊ देत नाही. त्या दिवसांत दार आणि झरोका दोन्ही उघडे ठेवायचे, म्हणजे वारा खेळतो.

खर्चाचं म्हणाल तर चार चौकटींना लाकूड, जाळी, बोल्ट, स्क्रू, गोणपाट मिळून आमचे साडेपाच हजारांच्या आत बसले. जुनं लाकूड मिळालं तर त्याहून कमी. हे पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून दिले आणि हप्ता हंगाम संपल्यावर सुरू केला, कारण फडावर असताना महिन्याला हप्ता भरायला ती येणार कुठून? काही गटांत यावर वाद झाला. ज्या बायका फडावर जात नाहीत त्या म्हणाल्या, आमचे हप्ते वेळेवर आणि त्यांचे उशिरा असं का? वाद रास्त होता. शेवटी ठराव असा झाला, की उशीर फक्त भिंतीच्या कर्जाला, बाकीच्या कर्जाला नेहमीचाच नियम. तुमच्या गटात तुम्ही वेगळं ठरवाल. पण ठराव इतिवृत्तात लिहून ठेवा, तोंडी ठेवू नका.

काही जणी आम्हाला विचारतात, हे तुम्ही का करायचं? निवारा द्यायचं काम ज्यांच्यासाठी आपण ऊस तोडतो त्यांचं नाही का? त्यांचंच आहे. पक्की खोली, पाणी, संडास, लेकरांची शाळा, हे मागायचं आपण थांबवलेलं नाही. निवेदनं दिली आहेत, देणार आहोत. आणि उद्या कुणी आमच्या भिंती दाखवून म्हणालं, की बघा बायकांनी सोय केली, आता गरज काय, तर त्याला ट्रॉलीतली रिकामी चौकट दाखवायची. पण मागणी मान्य होईल तेव्हा होईल, त्या तिसरीचे दिवस पौषातच भरणार आहेत.

सर्वपित्री अमावस्या झाली की, घटस्थापनेनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही समाजमंदिरात तीन कोप्यांच्या बारा चौकटी करायला बसणार आहोत, सकाळी दहापासून. लाकूड आणून ठेवलं आहे. शेजारच्या गावांतल्या गटांनी दोघी-दोघी पाठवा, म्हणजे तुमच्या गावात जाऊन तुम्हाला करता येईल. ज्यांच्या गटात कुणी बाळंतीण किंवा गरोदर बाई फडावर जाणार आहे त्यांना पुढे बसवू. हातोडी आमच्याकडे पाच आहेत, गिरमिट एकच, कुणाच्या घरी असेल तर आणा. टेप आणा. आणि जुनी फाटकी गोधडी टाकून देऊ नका, तीही घेऊन या. जोडांच्या पट्ट्यांना बरीच लागते.